सुखोथाईचे लोक नूडल्स कुठे खातात?

सुखोथाई हे नाव आपल्याकडे पोचते ते अवशेषांमुळे. तेराव्या शतकात उभ्या राहिलेल्या थाई राज्याची ही राजधानी. तिथले कमळकळीच्या घाटाचे कळस आणि पाऊल उचललेल्या बुद्धमूर्ती पाहायला जगभरातून लोक येतात, आणि 1991 पासून त्या जागेचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र आजचे सुखोथाई गाव त्या अवशेषांत नाही. ते तिथून सुमारे 12 किलोमीटर पूर्वेला, योम नदीच्या दोन्ही काठांना धरून वसले आहे. बाजार, शाळा, जिल्ह्याच्या कचेऱ्या सगळे तिथे आहे. जुनी राजधानी बघून दमलेला प्रवासी या नव्या गावात शिरतो आणि विचारतो, इथले लोक नूडल्स कुठे खातात? त्याला एखाद्या दुकानाचे नाव हवे असते, जमल्यास गल्लीतले, फारसे कोणाला माहीत नसलेले. माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचे खरे उत्तर पत्त्यात सापडत नाही. गावातले लोक जिथे खातात ते दुकान लपलेले नसते. ते रस्त्यावर, सकाळच्या ठरावीक वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालू असते. सुखोथाईच्या नूडल्स सुखोथाईच्या झाल्या त्या कोणत्याही पुरातन पाककृतीमुळे नव्हे. या साध्या दुकानांनी गावाच्या रोजच्या स्वयंपाकघराचे काम अंगावर घेतले, म्हणून त्या गावाच्या झाल्या.

आधी त्या वाडग्यात काय असते ते पाहू. तांदळाच्या पिठाच्या बारीक पट्ट्या, ज्यांना थाई लोक ‘सेन लेक’ म्हणतात. त्यावर डुकराच्या मांसाचे काप, बहुधा लालसर भाजलेले, आणि कुठे कुठे कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे. शेंगदाण्याचे कूट, कुटलेली सुकी लाल मिरची, लिंबाचा रस, फिश सॉस आणि ताडगूळ. शिवाय या वाडग्याची खूण ठरलेली गोष्ट म्हणजे चवळीच्या कोवळ्या लांब शेंगा, तिरक्या आणि अगदी पातळ चिरलेल्या. नूडल्स रस्सेदार मागता येतात तशा कोरड्याही मागता येतात. आंबट, गोड आणि तिखट यांचा मेळ दुकानदारच वाडग्यात घालून देतो, आणि तोल थोडासा गोडाकडे झुकलेला असतो. बँकॉकच्या नूडल्समध्ये जिथे मोड आलेले मूग दिसतात तिथे इथे या शेंगा दिसतात. महाग किंवा दुर्मीळ असे यात काहीच नाही. सगळे जिन्नस कुठल्याही थाई बाजारात सकाळी सातला मिळतात.

याच जिन्नसांची नीट उलटतपासणी केली, तर प्राचीन परंपरेचा दावा टिकत नाही. सुखोथाईच्या राजांच्या नावाने हा पदार्थ विकला जातो. फलकांवर अवशेषांची चित्रे असतात. पण मिरची आणि शेंगदाणा हे दोन्ही मुळात अमेरिका खंडातले. आशियात ते सोळाव्या शतकाआधी असणे शक्य नाही, आणि सुखोथाईचे स्वतंत्र राज्य पंधराव्या शतकातच अयुत्थयाच्या थाई राज्यात विलीन झाले होते. मिरची या प्रदेशात आली ती पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या वाटेचा एक टप्पा आपल्याही इतिहासातला आहे. 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कनेच 1511 मध्ये मलाक्का घेतले आणि तिथून अयुत्थयाच्या दरबारी आपला दूत पाठवला. राजा रामखामहेंगच्या नावाचा 1292 सालचा प्रसिद्ध शिलालेख राज्याच्या समृद्धीचे वर्णन करताना भाताची आणि माशांची ग्वाही देतो, आणि त्या काळाला ते शोभूनही दिसते. शेंगदाण्याचे कूट घातलेला हा आंबटगोड वाडगा त्या राजांच्या ताटात कधी आलेला असणार नाही.

मग तो आला कुठून? नूडल्स चिनी, आणि त्यांना गावोगावी नेणारी वाट नदीची. दक्षिण चीनच्या शांतौ बंदराभोवतालचे तेओच्यू भाषक अठराव्या शतकापासून मोठ्या संख्येने सयामात येत होते. 1767 मध्ये अयुत्थया पडल्यावर राज्य पुन्हा उभे करणारा राजा ताकसिन याचे वडीलही तेओच्यूच होते, आणि राजा होण्याआधी तो सुखोथाईच्या शेजारच्या ताक प्रांताचा अधिकारी होता. ही माणसे भात, लाकूड आणि किराणा यांच्या व्यापारासाठी नद्यांच्या काठाकाठाने वर सरकली. नकाशात पाहिले तर योम नदी नानला मिळते, नान आणि पिंग नाखोन सावनला एकत्र येऊन चाव फ्राया होतात, आणि चाव फ्राया बँकॉकवरून समुद्राला जाते. सुखोथाई गावात आजही रेल्वे नाही. उत्तरेचा लोहमार्ग फित्सानुलोकवरून जातो आणि त्याचा एक फाटा सावनखालोकपर्यंत येऊन थांबतो. पक्के रस्ते होईपर्यंत असल्या गावाला बाहेरचा माल नदीनेच मिळत असे, आणि मालाबरोबर खाण्याच्या सवयीही त्याच वाटेने येत. चिनी दुकानदाराच्या हातात नूडल्स होत्या, आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला लिंबू, ताडगूळ आणि फिश सॉसची सवय होती. दोघांनी एकमेकांना थोडेथोडे वळवले, एवढाच या पदार्थाचा जन्म.

या मांडणीवर एक वजनदार आक्षेप आहे. नूडल्स थायलंडभर पसरल्या त्या लोकांच्या सवयीने नव्हे, सरकारच्या हुकमाने, असे म्हणता येईल, आणि त्याला पुरावाही भक्कम आहे. 1938 मध्ये पंतप्रधान झालेल्या फिबुन सोंगक्राम यांनी देशाचे नाव सयामऐवजी थायलंड केले, लोकांनी काय घालावे आणि कसे वागावे याचे फतवे काढले, आणि युद्धकाळात नूडल्स खाण्याची मोहीमच चालवली. त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे: 1 कोटी 80 लाख थाई माणसांनी रोज 5 सतांगचा एक वाडगा खाल्ला, तर दिवसाला 9 लाख बाट देशात फिरतील आणि शेतकऱ्यापासून मजुरापर्यंत सगळ्यांच्या हाती काही ना काही पडेल. 1942 च्या मोठ्या पुरानंतरच्या टंचाईत या मोहिमेला आणखी जोर आला. त्यामागे चिनी व्यापाऱ्यांच्या हातातला धंदा थाई लोकांकडे वळवण्याचा हेतूही होता, हे विसरून चालणार नाही. तेव्हा हा आक्षेप अर्धा खरा आहे. सरकारने नूडल्सची गाडी रस्त्यावर आणली. पण गाडीवरच्या वाडग्यात काय असावे हे सरकारला ठरवता आले नाही. एकाच हुकमातून सगळीकडे एकच पदार्थ निघायला हवा होता. प्रत्यक्षात सुखोथाईत चवळीच्या शेंगांचा गोडसर वाडगा निघाला, आणि अयुत्थया व रांगसितच्या कालव्यांवर दालचिनी, चक्रीफूल आणि रक्त घातलेला काळपट रश्श्याचा. हा फरक स्थानिक दुकानदारांनी आणि त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकांनी घडवला. ज्या वाडग्याला गिऱ्हाईक परत आले तो टिकला.

म्हणून खरे पाहायचे ते दुकान. गावातल्या नूडलच्या दुकानाला दर्शनी भिंत नसते. लोखंडी शटर वर गेले की दुकान थेट रस्त्याला भिडते. तोंडाशीच चूल आणि त्यावर स्टीलचे मोठे पातेले. पातेल्यात आतून कप्पे असतात, एकात रस्सा आणि दुसऱ्यात नूडल्स बुडवायचे साधे पाणी. शेजारच्या काचेच्या कपाटात मांस, शेंगा आणि नूडल्सचे ढीग मांडलेले, म्हणजे काय शिल्लक आहे ते गिऱ्हाइकाला दारातूनच दिसते. डुकराची हाडे, पांढरा मुळा, लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळे घातलेला रस्सा उजाडायच्या आधीपासून मंद आचेवर असतो. सगळा वेळ तिथेच गेलेला असल्यामुळे वाडगा तयार व्हायला मिनिटभर पुरतो. लांब दांड्याच्या जाळीत मूठभर नूडल्स, उकळत्या पाण्यात काही सेकंद, एक झटका, आणि मग ठरलेल्या क्रमाने मसाले. मागायची पद्धतही तितकीच आटोपशीर आहे. नूडल कोणती, रस्सेदार की कोरडी, आणि साधी की ‘फिसेत’, म्हणजे थोडी जास्त भरलेली. तीनचार शब्दांत काम होते. विकणारी बाई असेल तर तिला वयानुसार ‘फी’, ‘पा’ किंवा चिनी वळणाने ‘जे’ म्हणतात, वयस्क पुरुषाला ‘लुंग’. पुष्कळ दुकानांची नावे याच नात्याच्या हाकांवरून पडलेली असतात. प्रत्येक टेबलावर चार बरण्यांचा संच असतो: साखर, फिश सॉस, सुक्या मिरचीची पूड आणि मिरचीचे काप घातलेला शिरका. दुकानदाराने चव लावून दिलेली असली तरी शेवटचा शब्द खाणाऱ्याचा, आणि बरणीला हात घातल्याने कोणाचा अपमान होत नाही. एकाच पातेल्यातून शाळकरी मुलगा, कचेरीतला साहेब आणि बाजारातली भाजीवाली आपापल्या चवीचे जेवण घेतात ते या चार बरण्यांमुळे. वाडग्याची किंमत आज साधारण 40 ते 60 बाट, म्हणजे घरी रांधण्याचा खटाटोप टाळावासा वाटेल इतकी कमी. दुपारी रस्सा संपला की दुकान संपले. ही वेळ सहलीला आलेल्यांसाठी ठरवलेली नाही. गावाच्या न्याहारीसाठी आणि दुपारच्या सुट्टीसाठी ठरलेली आहे.

नदीकाठच्या इतर गावांकडे पाहिले तर हेच सूत्र वेगळ्या रूपात दिसते. कालव्यांवर होडीतून विकल्या जाणाऱ्या नूडल्सचा वाडगा लहान असे, कारण एकटाच विक्रेता वल्हे, चूल आणि वाढप सांभाळत डुलत्या होडीतून तो काठावर द्यायचा. बँकॉकचे बरेच कालवे बुजले, तो धंदा जमिनीवर विजयस्तंभाच्या परिसरात आला, तरी वाडगा लहानच राहिला आणि रिकाम्या वाडग्यांची चळत रचत खाण्याची पद्धत रुळली. फित्सानुलोकला नान नदीच्या काठी लोक फळीवर बसून, पाय नदीच्या बाजूला सोडून नूडल्स खातात, आणि ‘पाय सोडून खायच्या’ हेच त्या नूडल्सचे नाव झाले आहे. जागेची अडचण आधी सवय झाली, मग तीच ओळख.

दुसरा आक्षेप आजचा आहे. सुखोथाईच्या नूडल्स आता बँकॉकच्या मॉलमध्येही मिळतात, तेव्हा त्यांत स्थानिक ते काय राहिले? शिवाय गावातली दोनतीन दुकाने इतकी गाजली आहेत की तिथे बाहेरगावच्या गाड्या उभ्या असतात. ती आता गावाची म्हणावीत का? मला वाटते, पदार्थ प्रवास करतो, संस्था करत नाही. मॉलमध्ये तीच शेंग आणि तेच कूट असेल, पण रोज त्याच वेळी येणारे गिऱ्हाईक तिथे नसते, आणि म्हणून कमी गोड हवे की जास्त तिखट हे न विचारता कळणारी बाईही नसते. गाजलेल्या दुकानांचेही याच कसोटीवर मोजमाप व्हावे. परगावचा पाहुणा येतो म्हणून दुकान भ्रष्ट होत नाही. भाव आणि वेळ पाहुण्याच्या सोयीने बदलून गावचा माणूस दूर गेला, तर मात्र होते. खरा धोका मला पर्यटकांपेक्षा शांतपणे येणारा दिसतो. 1972 पासून विकल्या जाणाऱ्या ‘मामा’ या झटपट नूडल्सची पुडी घरोघर आहे, आणि देशभरात 14,000 हून अधिक असलेली सेव्हन-इलेव्हनची दुकाने गरम जेवण रात्रंदिवस देतात. त्यांच्याशी स्वस्ताईत आणि वेळेत स्पर्धा करणे अवघड आहे.

त्यात या दुकानांमागचे कष्ट. पहाटेपूर्वी उठणे, वाफेसमोर उभे राहणे, कमी नफ्यावर वर्षे काढणे. हे काम पुष्कळदा घरातल्या बाईच्या जिवावर चालते, आणि शिकलेल्या मुलांनी ते नाकारले तर त्यांना दोष देता येणार नाही. शिवाय नदीही सोपी नाही. चाव फ्रायाला पाणी देणाऱ्या चार मोठ्या नद्यांपैकी योमवरच मोठे जलाशयाचे धरण नाही, आणि पावसाळ्यात तिचे पाणी गावात शिरते; 2011 मध्ये शिरले, 2024 मध्येही शिरले. चूल, पातेले, दुमडती टेबले आणि प्लास्टिकची स्टुले एवढेच भांडवल असलेले दुकान अशा गावात शोभते, कारण ते उचलता येते आणि पाणी ओसरले की पुन्हा मांडता येते. पण पुन्हा मांडायला माणूस हवा.

सुखोथाईचे अवशेष पाहायला जाणारे मराठी प्रवासी आता कमी नाहीत. जुन्या राजधानीपाशी जेवण उरकून परत फिरू नका. दोन्ही गावांच्या दरम्यान सोंगथेव, म्हणजे दोन बाकांच्या गाड्या धावतात. सकाळी अकराच्या सुमारास नव्या गावात उतरा आणि नाव न शोधता, कचेरीच्या गणवेशातली माणसे जिथे बसलेली दिसतील त्या दुकानात शिरा. मांस नको असेल तर तसे आधीच सांगा. रस्सा मात्र हाडांचाच असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी कोरड्या नूडल्स मागाव्यात आणि फिश सॉसही नको म्हणून सांगावे.