तान्ह्या बाळाला किती वेळा पाजावे?

मागल्या हिवाळ्यात देवळी तालुक्यातल्या एका गावी आम्ही नामकरणाला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवले, पंगती उठल्या. मग बायाबापड्या आहेर पाहू लागल्या. झबली, टोपडी, खुळखुळे आणि त्यात दुधाच्या तीन बाटल्या! बाळाची आजी म्हणाली, "बरं झालं बाई, बाटल्या आल्या तं. सुनेले दूधच कमी हाय. लेकरू घंट्या-घंट्यानं रडते. पोट भरत असतं तं झोपलं नसतं काय?"

सून खाली मान घालून बसली होती. बाळ बावीस दिवसांचे. आम्ही तिला जवळ बोलावून विचारले, "दिवसातून लंगोट किती ओले होतात?" ती म्हणाली, "दिवसभर तेच तं धुते मी. आठ-दहा तं होतेच." आशाताईंनी आदल्याच दिवशी बाळाचे वजन केले होते. जन्मताना दोन किलो सातशे ग्रॅम होते, ते दोन किलो साडेनऊशे भरले. म्हणजे दूध पुरत होते. बाळ तासाभराने मागत होते, कारण त्या वयाचे बाळ तसेच मागते. पण घरातल्या सगळ्यांनी त्याचा अर्थ "दूध कमी" असा लावला होता, आणि ती पोरही आता तेच खरे मानू लागली होती.

वाचक भगिनींनो, ही एका घरची गोष्ट नाही. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आमचे घड्याळ

आधी स्वतःची चूक सांगतो. आमच्या थोरल्या मुलाच्या वेळी एका दवाखान्यात सांगितले गेले, "दर तीन तासांनी पाजा, एका बाजूला दहा मिनिटे, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटे." आम्ही ते ब्रह्मवाक्य मानले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून बाळाला उचलायचे आणि घड्याळाकडे पाहून सोडवायचे. मधे रडले तर थोपटायचे. काही दिवसांनी ते रडेनासे झाले. शेजारणी म्हणायच्या, "किती शांत पोर आहे!" महिना झाला तेव्हा वजन केले, तर ते जन्माच्या वजनाएवढेही भरले नाही. ते शांत नव्हते, त्याच्या अंगात रडायचे बळ उरले नव्हते. एका जुन्या परिचारिकाबाईंनी आम्हाला बसवून सांगितले, "घड्याळ भिंतीवर राहू द्या, तुम्ही लेकराकडे पाहा." त्या दिवसापासून मागेल तेव्हा पाजले आणि मूल सावरले. पण तो महिना अजून मनातून जात नाही.

बाळाचे पोट केवढे?

जन्मल्या दिवशी बाळाला एका वेळी लागते ते जेमतेम चमचा-दीड चमचा, म्हणजे पाच-सात मिलिलिटर. पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला येणारा पिवळसर घट्ट चीक तेवढाच असतो, आणि तेवढाच पुरतो. रोगाशी लढण्याचे बळ त्यात असते. तो "खराब" म्हणून पिळून टाकणे म्हणजे बाळाची पहिली लस फेकून देणे होय. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते. तेव्हा एका वेळी तीस ते साठ मिलिलिटर, म्हणजे छोटी अर्धी वाटी, बाळ पिऊ लागते. एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणारे बाळ दिवसभरात साधारण पाऊण लिटर दूध घेते. कोणी थोडे कमी घेते, कोणी थोडे जास्त.

किती वेळा?

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. यात रात्रही आली. आईचे दूध हलके असते, दीड-दोन तासांत पचते, म्हणून बाळ लवकर मागते. तेही दर दोन तासांनी नेमाने नव्हे. कधी तासातच मागेल, कधी तीन तास झोपेल. सांजच्याला तर पुष्कळ बाळे एकसारखी अंगाला लागून असतात. दोन-तीन आठवड्यांनी आणि पुन्हा दीड महिन्याच्या सुमारास दोन-चार दिवस अशी भूक वाढते. त्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त पाजले की दूधही वाढते.

रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडते, मान वळवून शोधते, मूठ तोंडात घालते. तेव्हाच उचलावे. एक बाजू पूर्ण पिऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. पाजताना नुसते टोक नव्हे, तर भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. नाहीतर दूध नीट येत नाही आणि आईला चिरा पडतात.

मात्र "मागेल तेव्हा" म्हणजे झोपाळू बाळाला उपाशी ठेवणे नव्हे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ तीन तासांहून जास्त झोपले तर पाय चोळून उठवावे व पाजावे. अडीच किलोहून कमी वजनाच्या किंवा दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला दर दोन तासांनी पाजावे. त्याला ओढता येत नसेल तर दूध स्वच्छ वाटीत पिळून चमच्याने द्यावे, आणि दवाखान्यात दाखवावे.

पोट भरते, हे कसे ओळखावे?

अंगावर बाळ किती पिते ते मोजता येत नाही, म्हणून आईच्या मनात शंका येते. पण तीन गोष्टी मोजता येतात.

पहिली लंगोट. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले पाहिजेत. दुसरी शी. काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी होते. तिसरी आणि सर्वांत खरी खूण वजन. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, त्याला घाबरू नये. दहा ते चौदा दिवसांत ते परत जन्माच्या वजनावर येते. पुढे दर आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढते आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते.

वजन करायला कुठे जावे लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झाले तर घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. घरोघरी जाऊन नवजात बाळाला जपण्याच्या या पद्धतीचे मूळ आपल्या विदर्भातच आहे. वर्ध्या-सेवाग्रामात बालपण गेलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून ती उभी केली. आशाताई आली की बाळाचे वजन विचारा आणि कार्डावर लिहून घ्या.

छाती मऊ लागते, बाळ रात्री उठते, बाळ सारखे मागते, ही दूध कमी असल्याची लक्षणे नव्हेत.

पाणी नको, मध नको, घुटी नको

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. साहजिकच आजीला वाटते, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल. पण आईच्या दुधात शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागते, ते तहानेपोटी. त्याला जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत काही घरांत अजून आहे, ती सोडून द्यावी. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला पाणी, साखरपाणी, घुटी, ग्राइप वॉटर काही देऊ नये. मध तर वर्ष होईपर्यंत देऊ नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

बाटली दूध कसे आटवते?

बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते. रात्री पाजल्याने तर दूध अधिक बनते. बाटलीने एक वेळचे पोट भरले की बाळ तेवढे कमी ओढते, आणि आईचे शरीर तेवढे कमी बनवते. आठवड्यात दूध खरेच कमी होते. मग घरचे म्हणतात, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?"

पुढे पावडरचा डबा महाग पडतो, म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो. दूध पांढरे दिसते, पण बाळ उपाशी राहते. बाटलीचे बूच नीट उकळले जात नाही, हगवण लागते. हे ओळखूनच १९९२ साली देशात कायदा झाला. १९९३ पासून लागू झालेल्या या कायद्याने बाळाच्या पावडरची आणि बाटलीची जाहिरात करण्यास आणि आईला फुकट नमुने देण्यास बंदी घातली. कंपनीने जे देऊ नये असे कायदा म्हणतो, तेच आपण प्रेमाने नामकरणात आहेर म्हणून नेतो!

आई नसेल, किंवा डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले असेल, तर गोष्ट वेगळी. पहिला आठवडा झाल्यावर बाळाच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीडशे मिलिलिटर, म्हणजे तीन किलोच्या बाळाला साडेचारशे, ते आठ वेळांत वाटून द्यावे. पावडर डब्यावर लिहिल्या मापानेच घ्यावी, एक थेंब पाणी जास्त नको. बाटलीऐवजी उकळलेली वाटी आणि चमचा वापरावा.

वेचणीला जाणारी आई

आता खरा प्रश्न. दिवसातून बारा वेळा पाजायला आईजवळ वेळ कुठे आहे? कापूस फुटला की वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर मिळते. कमरेला ओटी बांधलेली बाई तासाला एकदा तास सोडून धुऱ्यावर येईल तर तिचा कापूस कमी भरेल. म्हणून दोन-अडीच महिन्यांचे लेकरू घरी बाटलीवर राहते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते, तिथे १९३० मध्ये असा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या कायद्याने कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे सहा महिने, जितके दिवस बाळाला केवळ आईचे दूध हवे तितकेच.

पण शेतात रोजीने जाणाऱ्या आपल्या बहिणीला ना रजा, ना सुटी. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. अंगणवाडीत किंवा आशाताईकडे अर्ज जरूर भरा. पण त्यात सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. बाकीचा भार घराने उचलला पाहिजे.

जाणे टळत नसेल तर हे करता येते. निघताना आणि आल्याबरोबर पाजावे. रात्री बाळाला जवळ घेऊन मनसोक्त पाजावे. सकाळी हात धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध पिळून ठेवावे. सावलीत, गार जागी ते चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याआधीच वापरावे. ते आजीने वाटी-चमच्याने द्यावे. शेत जवळ असेल तर दुपारी कोणी लेकरू धुऱ्यावर आणावे. मजूर बायांनी मिळून सांगितले तर पाजायला उठणाऱ्या बाईला मालक सहसा नाही म्हणत नाही. एकटीने सांगणे कठीण जाते, म्हणून हे महिला मंडळाने सांगावे.

घरच्या पुरुषांनाही एक सांगणे. पाणी भरणे, लंगोट धुणे, थोरल्या मुलाला सांभाळणे ही कामे तुम्ही केलीत तर त्या वेळात बाळाचे पोट भरते. पाजणाऱ्या आईला रोज जवळजवळ एका जेवणाएवढे अन्न जास्त लागते. भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, जमेल तर अंडे-दूध तिच्या ताटात आधी पडावे. ती सगळ्यांच्या मागून उरलेले खात असेल तर दुधाला दोष देऊ नये.

वाट पाहू नका

बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, लंगोट सहाहून कमी ओले झाले, किंवा दोन आठवडे होऊनही वजन जन्माएवढे आले नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्राथमिक आरोग्य केंद्र, वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, जे जवळ असेल ते. वर्षाच्या आतील आजारी बाळावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार होतात. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा.

त्या नामकरणाच्या दिवशी आम्ही आजीजवळ बसलो आणि वजनाचे कार्ड तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला म्हणाली, "जाय, आत बसून पाज त्याले. भांडे मी घासतो." बाटल्या तिने फळीवर ठेवून दिल्या. पुढे दोन महिन्यांनी गेलो तेव्हा त्या तशाच होत्या, आणि बाळ साडेचार किलोंचे झाले होते.

हा लेख वाचून झाला की घरातल्या ज्येष्ठ बाईला वाचून दाखवा. आणि पुढच्या नामकरणाला जाताना बाटलीऐवजी बाळंतिणीसाठी शेरभर तुरीची डाळ आणि डिंकाचे लाडू न्या.