कोलोसियमचा जमाखर्च

रोमला गेलेला प्रवासी सहसा कोलोसियम पाहिल्यावाचून परतत नाही. कमानींची ती भव्य रचना पाहून मन थक्क होते. परंतु तिचा जमाखर्च मांडू लागताच ते अस्वस्थ होते. सम्राट व्हेस्पेशियनने आरंभिलेल्या या बांधकामाच्या कामी इ. स. ७० मध्ये जेरुसलेमहून आणलेली लूट आली. इ. स. ८० मध्ये टायटसने उद्घाटन करून शंभर दिवस खेळ चालविले. हजारो नागरिकांना प्रवेश विनामूल्य होता. किंमत मोजली ती रिंगणात उतरविलेल्या गुलामांनी, युद्धकैद्यांनी, देहदंडाच्या कैद्यांनी आणि मुक्या जनावरांनी. राजधानीला धान्य आणि करमणूक फुकट पुरवून सत्ता स्थिर राखण्याचे हे अर्थकारण होते. जे फुकट मिळते त्याचे मोल दुसरा कोणीतरी चुकवीत असतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा येथे डोळ्यांना दिसतो.

जगात कोठे देहदंड रद्द झाला की या वास्तूवर खास रोषणाई करण्याचा उपक्रम १९९९ मध्ये सुरू झाला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि, कमानींचे छायाचित्र घेणाऱ्याने रिंगणाखालच्या अरुंद वाटाही पाहाव्यात. माणसे आणि पशू तेथूनच वर आणले जात. इमारतीचा खर्चाचा रकाना तिथे आहे.