दहाव्याला माणूस आठवावा

आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात माणूस गेला की पुढचे दिवस आपोआप ठरतात. भावकी जमते, पाहुण्यांना फोन जातात, तिरडी बांधली जाते आणि भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन पुढे होते. तिसऱ्या दिवशी सावडायचे, दहाव्या दिवशी दशक्रिया, मग तेरावा आणि वर्ष भरले की वर्षश्राद्ध. हा क्रम मोलाचा आहे. दुःखात बुडालेल्या घराला ‘आता काय करायचे’ हा प्रश्न तो पडू देत नाही. पण या धावपळीत गेलेला माणूस मात्र पुष्कळदा बाजूला राहतो. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी ही विशेषणे कोणाच्याही दहाव्याला चालतात. म्हणूनच ती ऐकताना कोणाचाच चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. गावाचा क्रम तोच ठेवून प्रत्येक टप्प्यात त्या माणसाचे आयुष्य कसे आणता येईल, ते पाहू.

आधी विचारून ठेवा

पहिले काम माणूस जिवंत असतानाच करायचे असते. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1887 साली मृत्युपत्र केले. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. पण 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा नगरपालिकेने घराजवळ दफनाला परवानगी दिली नाही आणि दहनच करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे (पुढे धरायचे मडके) कोणी धरायचे यावरून नातलगांनी वाद घातला, तेव्हा पत्नी सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. इच्छा लिहून ठेवावी आणि तिला काही परवानगी लागणार असेल तर ती हयातीतच पाहून ठेवावी. आणि पाणी कोणी पाजायचे, अग्नी कोणी द्यायचा, हे आधीच ठरलेले असावे. लेकीने द्यावा असे आईला वाटत असेल, तर ते तिने चारचौघांत बोलून दाखवावे. मग ऐनवेळी भावकीत कुजबुज होत नाही.

एका वहीच्या पानावर एवढेच लिहा : कोणते अभंग म्हणावेत, दहाव्याला कोणी बोलावे, राख कुठे जावी, नेत्रदान किंवा देहदान करायचे का, जेवणावर किती खर्च करावा. ते पान घरातल्या दोघांना माहीत असावे.

पहिला दिवस

नेत्रदान करायचे असेल तर वेळ थोडा असतो. साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा आणि लगेच नेत्रपेढीला फोन करायचा. पथक येईपर्यंत डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, म्हणून नेत्रदान अडत नाही. देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी आधीच बोलून ठेवावे. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि हयातीत अर्ज भरला असला तरी शेवटी घरच्यांची संमती लागतेच. म्हणून हा निर्णय मुलांना पटलेला हवा.

अंत्ययात्रेत भजन असतेच. त्या माणसाचे आवडते दोन अभंग कोणते, हे भजनी मंडळाला निघण्याआधी सांगा. माळकरी असेल तर त्याच्या रोजच्या हरिपाठाची चाल मंडळाला ठाऊक असतेच. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. या मुदतीत शुल्क लागत नाही, आणि पुढे वारसनोंदीपासून बँकेपर्यंत सगळीकडे या नोंदीचाच दाखला लागतो.

सावडणे आणि राख

आता पुष्कळ घरे राख नदीत न सोडता शेतात झाडाच्या खड्ड्यात घालतात. ही पद्धत चांगली आहे, पण नीट करावी लागते. राख क्षारयुक्त असते. सगळी राख एकाच खड्ड्यात ओतली तर रोप जळते. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाला पालापाचोळा, त्यावर शेणखत मिसळलेली माती घाला. त्यात राख दोन-तीन ओंजळीच मिसळा, वर पुन्हा साध्या मातीचा थर द्या आणि त्या थरात रोप लावा. उरलेली राख बांधावर पातळ पसरा. जांभूळ, आंबा, कडुनिंब, वड यांपैकी त्या माणसाला आवडणारे झाड निवडा. मृत्यू उन्हाळ्यात झाला तर पाणी कोण घालणार हे त्याच दिवशी ठरवा, नाहीतर पाऊस येण्याआधीच रोप सुकते.

दहावा : इथे खरे आयुष्य उभे राहते

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात दशक्रियेला गाव लोटते. प्रवचन होते, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते, श्रद्धांजलीची भाषणे होतात. इतकी माणसे एका ठिकाणी शांत बसलेली पुन्हा मिळत नाहीत. म्हणून सर्वांत जास्त तयारी इथे करा.

सावडल्यानंतरच्या दिवसांत घरातल्या एका तरुणाने वही घेऊन चार जणांकडे जावे : एक बालमित्र, एक शेजारीण, एक सून किंवा जावई आणि कामावर सोबत असलेला एक जण. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी, ‘त्यांच्याबद्दलचा एक प्रसंग सांगा.’ स्वभाव विचारला की विशेषणे मिळतात, प्रसंग विचारला की माणूस मिळतो. समजा, आजी गोधड्या शिवायची. तर शेजारीण सांगेल, की माझ्या लेकीच्या बाळंतपणाला आजीने रात्रभर जागून नऊवारीच्या जुन्या लुगड्याची दुपटी कशी शिवून दिली. हे ऐकल्यावर आजी कष्टाळू होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रवचनकार महाराजांना आदल्या दिवशी ही वही वाचून दाखवा. निरूपणात ते त्यातला एखादा प्रसंग सहज गुंफतात. प्रवचनानंतर वीस मिनिटे आठवणींसाठी ठेवा. चार जण, प्रत्येकी पाच मिनिटे. वेळेचे भान राखील असा एक सूत्रसंचालक नेमा. गावातल्या मान्यवरांची नावे त्यानेच एकत्र वाचावीत आणि सर्वांच्या वतीने एकाने श्रद्धांजली वाहावी. हे आधी सांगितले तर कोणी रागावत नाही.

फोटोशेजारी एका टेबलावर गेलेल्या माणसाच्या हातच्या वस्तू मांडा : गोधडी, विळा, हरिपाठाची पोथी, दूध डेअरीचे जुने कार्ड. आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणाच्या मोबाईलमध्ये असतील तर ऐकवा. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या घरातल्या ओव्या जपण्याचे काम आपणच करायचे आहे.

मागे राहिलेलीचा मान

नवऱ्याच्या आयुष्याचा गौरव करताना त्याच्या बायकोचे कुंकू पुसायचे आणि बांगड्या फोडायच्या, हे जुळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करायला सांगितले. आपल्या ग्रामसभेत ठराव झालेला नसला तरी घर आपल्यापुरता निर्णय घेऊ शकते. तो अंत्यविधीआधी घरातल्या मोठ्या बाईने सर्वांना सांगावा.

तेरावा, वर्षश्राद्ध आणि खर्च

टॉवेल-टोपी, साड्या आणि जेवणावळ यांत कर्ज होत असेल तर थांबा. दुखवट्याचे कपडे न आणण्याची विनंती दहाव्याच्या निरोपातच लिहा. वाचलेल्या पैशांतून शाळेला पुस्तके द्या किंवा भजनी मंडळाला नवा मृदंग द्या. गोळा केलेले प्रसंग वर्षश्राद्धाला एका छोट्या पुस्तिकेत छापून पाहुण्यांना वाटा.

हे बदल नवे वाटत असतील तर शेजारच्या जुन्नर तालुक्यातले ओतूर आठवा. तिथे 1880च्या दशकात बाळाजी कुसाजी पाटील यांच्या पुढाकाराने फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायांनी पुरोहिताविना लग्ने लावली. पुरोहितांनी कोर्टात खेचले, तरी ते मागे हटले नाहीत आणि शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला. संस्कार कसा करायचा हे ठरवण्याचा हक्क घराचा आहे, हे आपल्या परिसराला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

तेव्हा एक विनंती. घरात वयस्कर आई-वडील असतील तर या आठवड्यात त्यांच्याजवळ निवांत बसा. मरणाचा विषय काढायला जड जात असेल तर त्यांच्या लग्नाचा, पहिल्या बैलजोडीचा, पहिल्या वारीचा विषय काढा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. दहाव्याला सांगण्यासारखे सगळे त्यात येईल, आणि त्यांना ते सांगण्याचा आनंदही मिळेल.