घुमणारा डबा

विद्यार्थ्यांनो, पाण्याच्या रिकाम्या हंड्यावर टिचकी मारा. तो काही वेळ घुमत राहतो. आता हंड्याला तळहात टेकवा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज लगेच विरतो.

धातूच्या बंद डब्यात रेडिओलहरीही अशाच घुमतात. डब्याच्या आकारानुसार त्याचा सूर ठरतो. मात्र डब्याच्या भिंतीत विजेला अडथळा होतो, ऊर्जेची उष्णता होते आणि लहर विझते. काही पदार्थ खूप थंड केले, की हा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. १९११ साली कामरलिंग ओनेस या डच शास्त्रज्ञाला हे पाऱ्यात प्रथम आढळले. अशा पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात.

असे डबे आपल्या मुंबईतही आहेत. तुम्ही अंधेरीला राहा की घाटकोपरला, लोकल आणि बसने कुलाब्याला जाता येते. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रांचा वेग वाढवणारे एक यंत्र आहे. ते २००७ साली पूर्ण झाले. त्यात तांब्याचे २८ डबे आहेत. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना, तसा या डब्यांना आतून शिशाचा पातळ मुलामा दिलेला आहे. द्रवरूप हेलियमने ते उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवतात. मग शिसे अतिसंवाहक होते.

दूरच्या देशांत अशाच डब्यांनी एक अवघड शोध चालू आहे. विश्वात दिसणाऱ्या द्रव्याच्या सुमारे पाचपट द्रव्य दिसतच नाही. त्याला कृष्ण द्रव्य म्हणतात. ते ॲक्सिऑन नावाच्या अतिशय हलक्या कणांचे असावे, असा एक तर्क आहे. तो तपासण्याची युक्ती पिअर सिकिवी यांनी १९८३ साली सुचवली. डबा प्रबळ चुंबकात ठेवायचा. तेथे एखाद्या ॲक्सिऑनची रेडिओलहर झाली आणि सूर जुळला, तर डबा अगदी हळू घुमेल. पण तो सूर कोणता? हे माहीत नसल्यामुळे रेडिओवर स्टेशन शोधावे तसा डब्याचा सूर थोडाथोडा बदलत जावे लागते. मोठे चिकाटीचे काम!

डबा जितका जास्त वेळ घुमेल, तितका हा शोध लवकर होईल. मग तेथेही शिशाची कल्हई का करू नये? कारण चुंबक अतिसंवाहकाचा वैरी आहे. शिसे फार तर ०.०८ टेस्ला चुंबकबल सोसते. अमेरिकेतील सिॲटलच्या प्रयोगात ते सुमारे साडेसात टेस्ला असते, म्हणजे जवळजवळ शंभरपट! म्हणून तेथे साध्या तांब्याचा मुलामा दिलेला डबा वापरत आले. इटलीतील शास्त्रज्ञांनी २०१९ साली नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूचा मुलामा दिलेला डबा २ टेस्लाच्या चुंबकात वापरून दाखवला. दक्षिण कोरियात यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडच्या पट्ट्या डब्याला आतून चिकटवल्या. त्या ८ टेस्लातही टिकल्या.

ॲक्सिऑनचा सूर मात्र अजून कोणत्याही डब्यात ऐकू आलेला नाही.