पेटंटचा अर्ज : न सकारलेली हुंडी

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. कायद्याचे पंडित नव्हे. तथापि गाठचे पैसे गमावून जे शिकलो, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या छावणीतील आमच्या पेढीवर एक गृहस्थ धान्य निवडण्याचे नवे यंत्र विकावयास आले. "पेटंटचा अर्ज परीक्षणाधीन आहे," असे म्हणून त्यांनी सरकारी पावती पुढे केली. ती पाहून आम्ही विक्रीच्या हक्कासाठी इसार दिला. पुढे कळले की, परीक्षकाच्या आक्षेपांना मुदतीत उत्तर न गेल्यामुळे तो अर्ज केव्हाच सोडून दिलेला मानला गेला होता.

मुदती हुंडी सकारली जाईपर्यंत तो केवळ लिहिणाऱ्याचा शब्द असतो. पेटंटच्या अर्जाचेही तसेच आहे. मध्य प्रदेशातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. साधारणतः १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. परंतु प्रसिद्धी म्हणजे मंजुरी नव्हे. परीक्षणासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत ३१ महिने आहे. ती चुकल्यास अर्ज मागे घेतला असे समजतात. नंतर परीक्षक कल्पना खरोखर नवी आहे काय, हे तपासून पहिला अहवाल धाडतो. त्यातील आक्षेप म्हणजे नामंजुरी नव्हे. उत्तरासाठी ६ महिने मिळतात. पुढे जरूर तर सुनावणी, आणि अखेर निर्णय. मंजुरी मिळाल्यास हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा. मात्र मंजुरीपूर्वी नक्कल करणाऱ्यावर दावा लावता येत नाही.

मंजुरीदेखील अढळ नसते. हळदीने जखम भरते, याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथाधार पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी अर्जाचा क्रमांक मागावा, आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याची आजची स्थिती घरातील मुलासुनांकडून पाहून घ्यावी. प्रसिद्ध न झालेला अर्ज तेथे दिसत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

आणि आपल्याच घरातील एखाद्या तरुणाने अर्ज केला असेल, तर आक्षेपाचे पत्र पाहून त्याने खचू नये. मात्र हुंडीची मिती वहीत टिपतो, तशी उत्तराची शेवटची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी.