सिलिंडरवरची तारीख वाचली का?

औषधाची पट्टी हातात आली की बहुतेक जण आधी तारीख बघतात. दुधाची पिशवी, पावाचा पुडा यांचेही तसेच. पण स्वयंपाकघरातल्या ज्या वस्तूत १४.२ किलो ज्वलनशील वायू दाबाखाली भरलेला असतो, तिच्यावरची तारीख वाचणारे घर क्वचितच सापडते. जळीत कक्षात आलेल्या रुग्णाचे नातेवाईक ‘अचानक भडका उडाला’ असे सांगतात. भडका अचानक उडतो हे खरे. त्याची तयारी मात्र अनेकदा महिनोन्‌महिने चाललेली असते. कुठे भेगा पडलेली नळी, कुठे कुकरला बसवलेला भलताच वॉल्व्ह. आणि त्या वेळी ओट्याशी उभी असते ती बहुधा घरातली बाई.

सुरुवात सिलिंडरपासून करू. वरच्या गोल कड्याला आधार देणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे मार्चपर्यंतची तिमाही, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर आणि डी म्हणजे डिसेंबर. ‘बी २८’ असेल तर अर्थ जून २०२८. ही तारीख गॅस ‘खराब’ होण्याची नव्हे. गॅस शिळा होत नाही. त्या मुदतीच्या आत सिलिंडरच्या पोलादी भांड्याची तपासणी व्हायला हवी, एवढाच तिचा अर्थ. नवे सिलिंडर दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पाण्याचा दाब देऊन तपासले जाते. भांडे गंजून पातळ झाले असेल, फुगले असेल तर ते बाद होते. या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मुदत उलटलेले सिलिंडर दारात आले तर ते बदलून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सिलिंडरपेक्षा जास्त दुर्लक्षित असते ती नळी. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटर खूप कमी करतो आणि मग गॅस नळीतून शेगडीकडे जातो. उष्णतेने, तेलकटपणाने आणि उंदरांच्या दातांनी नळी खराब होते. तारेचे अस्तर असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. मानक ब्यूरोने प्रत्येक वस्तूसाठी वेगळे मानक ठरवले आहे. नळीसाठी आयएस ९५७३, रेग्युलेटरसाठी आयएस ९७९८, शेगडीसाठी आयएस ४२४६, प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. म्हणून तो परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकून पाहावा. परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही, ते लगेच कळते.

कुकरच्या बाबतीत हे चिन्ह फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. जास्तीची वाफ शिट्टीवाटे बाहेर पडते. शिट्टीखालची नळी डाळीच्या सालीने बुजली तर दाब वाढत जातो. त्या वेळी उपयोगी पडतो सेफ्टी वॉल्व्ह. त्यातला मऊ धातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. हा वॉल्व्ह एकदा उडाला की त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवायला हवा. बाजारातला कुठलातरी स्वस्त वॉल्व्ह वेळेवर वितळेलच याची खात्री कोण देणार? कुकरवरचे चिन्ह त्या बदललेल्या तुकड्याची हमी देत नाही.

आता एक धोका असा, ज्यात भडका नाही, स्फोट नाही आणि वासही नाही. बाथरूममधला गॅस गीझर. एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. पण गॅस जळला की तो वासही जळून जातो. बंद, छोट्या बाथरूममध्ये प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग माणूस दार उघडण्याआधीच कोसळतो. घरचे बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि आकडा ९८ दिसतो, कारण नेहमीच्या ऑक्सिमीटरला प्राणवायूने भरलेले आणि या विषाने भरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. त्या आकड्यावर विसंबू नये. आधी गीझर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते.

असा गीझर प्रमाणित असू शकतो. प्रमाणपत्र वस्तूचे असते, तुमच्या बाथरूमचे नसते. गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत असेलच तर हवा येण्याजाण्याची कायमची वाट हवी. थंडी वाजते म्हणून ती वाट कापडाने बुजवू नये.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्हींत ठिणगी पडू शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खिडक्यांबरोबर दारेही उघडा. रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नका.

खोल भाजलेली कातडी पूर्ववत करणे आम्हा डॉक्टरांच्या हातात नसते. दुसरीकडची कातडी लावावी लागते, आखडलेली बोटे सोडवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. त्यापेक्षा आज रात्री स्वयंपाक आटोपला की सिलिंडरवरचे अक्षर, नळीवरचे वर्ष आणि कुकरच्या शिट्टीची नळी एवढे पाहून घ्या. पाच मिनिटेसुद्धा लागणार नाहीत.