शर्यतीच्या मोटारीची स्प्रिंग

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी, नित्याच्या रहदारीचे रस्ते बंद करून, फॉर्म्युला ई ही विजेच्या मोटारींची शर्यत झाली. पुढील वर्षीची शर्यत रद्द झाली. परंतु तरुणांच्या मनात शिरलेले वेड काही रद्द झाले नाही. आज बरकतपुरा चमनच्या वळणावर एखादी जुनी छोटी मोटार ठेंगणी होऊन धक्के खात जाताना दिसली, की समजावे, मालकाने स्प्रिंगचा एखादा फेरा कापून घेतला आहे. 'स्प्रिंग जितकी कडक, तितकी मोटार शर्यतीची' अशी या मंडळींची ठाम समजूत असते. ती कितपत खरी, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असावे; कारण मोटार बहुधा त्यांच्याच पैशाची असते, आणि तिच्यात बसणारा मुलगा तर त्यांचाच असतो.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० चे वितरण सुरू झाले आणि इंजिनाने पुढची चाके फिरवणारी मोटार आपल्या घरोघर पोहोचू लागली. त्यापूर्वीच्या अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जात. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार शर्यतीत उतरू शकते, हे २०१० साली सुरू झालेल्या फोक्सवागन पोलो कपनेही आपल्या देशात दाखवून दिले. परंतु अशा गाडीत पुढच्या दोन टायरांवर तिहेरी ओझे असते. गाडी ओढणे, ती वळवणे आणि ब्रेकचा बहुतेक भार झेलणे, ही सारी कामे त्यांचीच. भरधाव वळणावर हे टायर थकतात, आणि चक्र कितीही फिरवले तरी गाडी नाकासमोर बाहेर घसरत जाते.

येथे स्प्रिंगची निवड कामी येते. मोटार वळते तेव्हा आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही. ती त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या आसाच्या दोन चाकांतील भाराची तफावत अधिक, त्या आसाची एकूण पकड कमी होते. पुढचा व मागचा, यांपैकी जो आस अधिक ताठर, तो या तफावतीचा मोठा वाटा उचलतो. तेव्हा मागची बाजू तुलनेने ताठर ठेवली, की पुढच्या टायरांना उसंत मिळते. अशा मोटारीचे आतले मागचे चाक वळणावर जमिनीपासून उचललेले दिसते, ते याचमुळे. त्या चाकाला गाडी ओढायची नसल्याने फारसे बिघडत नाही. मात्र हा डाव अती केला, तर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडताच गाडीची शेपटी फिरते. ओल्या रस्त्यावर तर पाहायलाच नको.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. ताणाच्या प्रमाणात स्प्रिंगचा जोर वाढतो, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. त्यावरच हे गणित उभे आहे. चालकासह ९०० किलोची मोटार घ्या. ६२ टक्के भार पुढे धरला, तर चाक, ब्रेक वगैरेंचे वजन वजा जाता पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर सुमारे २५० किलो उरतात, मागे सुमारे १४०. प्रवासी मोटार स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. धावपट्टीवरील साध्या मोटारीसाठी पुढे २ आणि मागे २.३ आंदोलने धरून आरंभ करता येतो. आंदोलने दुप्पट हवी असतील, तर ताठरता चौपट लागते. या हिशेबाने चाकापाशी पुढे दर मिलिमीटरला सुमारे ४ किलो आणि मागे सुमारे ३ किलो ताठरता हवी.

परंतु स्प्रिंग क्वचितच चाकाच्या अगदी वर बसवलेली असते. चाक १० मिलिमीटर उचलले असता स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर ०.७ च्या वर्गाने भागावे लागते. मग मागे ३ च्या जागी ६ किलोची स्प्रिंग लागते. म्हणजे भार कमी असूनही मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक निघते. मित्राच्या गाडीतील आकडा उचलून आपल्या गाडीत का घालू नये, याचे उत्तर यातच आहे.

तारेची जाडीही फसवी असते. ताठरता जाडीच्या चतुर्थ घाताने वाढते. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. फेरा कापला तरी ताठरता वाढते. पण किती वाढली हे कापणाऱ्याला माहीत नसते, आणि आखूड झालेली स्प्रिंग चाक खाली लोंबताच बैठकीतून निसटू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवलेल्या स्प्रिंगचे तर पाणीच उतरते. शिवाय स्प्रिंग धक्का साठवते, जिरवत नाही. जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. स्प्रिंग बदलली की तोही तिच्या जोडीचा हवा. नाहीतर खडबडीत जागी टायर उड्या मारतो, आणि हवेत असलेल्या टायरला पकड कुठली?

म्हणून आमचे सांगणे असे की, आधी गाडीचे चारही चाकांवरील वजन मोजून घ्यावे, मग हिशेब करावा, आणि नामांकित कारखान्याच्या ठरावीक ताठरतेच्या स्प्रिंगा घ्याव्यात. त्यांची परीक्षा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील किंवा कोइमतूरच्या कारी येथील धावपट्टीवर, घड्याळ लावून, एका वेळी एकच बदल करून घ्यावी. परतल्यावर घरच्या वापराच्या मोटारीत मूळच्या स्प्रिंगा पुन्हा बसवाव्यात. काचीगुड्याच्या गर्दीत, खड्ड्यांतून आजीला दवाखान्यात नेताना त्याच उपयोगी पडतात.